यवनांचा एपाफस आणि शूर्पारकाचा किनारा

इ.स.पू. ४६३ च्या सुमारास अथेन्समध्ये ईस्किलसचे एक नाटक रंगमंचावर आले. इजिप्तहून पळून आलेल्या पन्नास बहिणी ग्रीसमधल्या आर्गोस नगरीत आश्रय मागतात आणि त्यांचा वेश, त्यांचा वर्ण पाहून तिथला राजा चक्रावतो. तुम्ही ग्रीक कशा असाल, असे तो विचारतो. नाईलकाठच्या असाल, नाहीतर इथिओपियाच्या शेजारी उंटांवरून भटकणाऱ्या ज्या भारतीय बायका ऐकिवात आहेत, त्यांच्यापैकी असाल. भारत कुठे आणि इथिओपिया कुठे! पण त्या काळच्या ग्रीकांच्या मनात दक्षिणेचे आणि पूर्वेचे सगळे सावळे देश एकमेकांना लागूनच होते. बहिणी उत्तर देतात : आम्ही तुमच्याच रक्ताच्या. आमचा मूळपुरुष एपाफस, आणि त्याची आई आयो ही याच आर्गोसची लेक.

त्यानंतर पाचएकशे वर्षांनी, या एपाफसच्या इजिप्तमधून निघालेली ग्रीक गलबते वैतरणा आणि उल्हास या नद्यांच्या मुखांमधल्या एका बंदराला लागत होती. ते बंदर म्हणजे शूर्पारक, आपले सोपारे. सोपाऱ्यात एपाफसचे देऊळ होते असे मला म्हणायचे नाही. मात्र त्या समुद्रवाटेच्या पलीकडच्या टोकाला बैल पूजला जात होता, अलीकडच्या टोकालाही पूजला जात होता, आणि मधे ये-जा करणारे यवन, म्हणजे ग्रीक, दोन्ही ठिकाणी अगदी निराळे वागले. हे निराळेपण का आले, हे समजून घेतले की सोपाऱ्याच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट उलगडते.

आधी एपाफसची कथा. आर्गोसच्या इनाकस नदीदेवाची मुलगी आयो ही हेरा देवीची पुजारीण. देवांचा राजा झ्यूस तिच्यावर भाळला. हेरा ही त्याची बायको, तिला संशय आला, तेव्हा झ्यूसने आयोला पांढरी गाय करून टाकले. हेरानेही ती गाय मागून घेतली आणि तिच्यावर अंगभर डोळे असलेल्या आर्गस नावाच्या राखणदाराचा पहारा बसवला. हर्मीस देवाने आर्गसला मारले, पण सुटका झाली नाही. हेराने गायीच्या मागे गोमाशी लावली. माशीच्या डंखांनी वेडीपिशी झालेली ती गाय देशोदेशी धावत सुटली आणि अखेर नाईलच्या काठी पोचली. तिथे झ्यूसने तिला नुसता हात लावला, ती पुन्हा बाई झाली, आणि त्या स्पर्शातूनच तिला मुलगा झाला. तो एपाफस. पुढे तो इजिप्तचा राजा झाला, त्याने नाईलच्या मेम्फिस नावाच्या मुलीशी लग्न केले आणि तिच्या नावाने नगरी वसवली. त्याची मुलगी लिबिया. तिच्या वंशात पुढे इजिप्तस आणि डॅनॉस हे भाऊ जन्मले, आणि नाटकातल्या त्या पन्नास बहिणी या डॅनॉसच्या मुली. झ्यूसने बैलाचे रूप घेऊन जिला पळवले ती युरोपाही याच कुळातली.

म्हणजे गायीच्या पोटचा मुलगा, तो मेम्फिसचा संस्थापक, आणि त्याच्या घराण्यात पुन्हा बैल. मेम्फिसमध्ये ग्रीकांनी काय पाहिले होते हे ठाऊक नसेल, तर ही कथा नुसती अद्भुत वाटते.

मेम्फिसमध्ये एक जिवंत बैल देव म्हणून राहत होता. त्याचे नाव एपिस. एका वेळी एकच एपिस असे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्याच्या खुणा लिहून ठेवल्या आहेत : अंग काळे, कपाळावर पांढरी खूण, पाठीवर गरुडाची आकृती, शेपटीचे केस दुहेरी, जिभेखाली भुंग्याचा आकार. आकाशातून गायीवर प्रकाशाचा झोत पडतो आणि त्यातून तो जन्मतो, त्यानंतर त्या गायीला दुसरे वासरू होत नाही, अशी श्रद्धा होती. जुना एपिस मेला की देशभर या खुणांचे वासरू शोधले जाई आणि सापडले की लोक ठेवणीतले कपडे घालून उत्सव करत. त्याच्या दोन दालनांपैकी तो कोणत्या दालनात शिरतो यावरून शुभाशुभ ठरे. हातातला घास त्याने खाल्ला तर चांगले, तोंड फिरवले तर वाईट. इ.स. १९ मध्ये रोमन सेनापती जर्मेनिकसच्या हातचा घास त्याने नाकारला आणि त्याच वर्षी जर्मेनिकस मेला, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. दारात आलेल्या नंदीबैलाला पावसापाण्याचे विचारून त्याच्या मानेकडे डोळे लावून बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मेम्फिसच्या अंगणातली ती गर्दी परकी वाटणार नाही.

या बैलाची भेट ग्रीकांना कशी झाली, याचे उत्तर तलवारीत आहे. इ.स.पू. सातव्या शतकात सामेटिकस राजाने आयोनिया आणि कॅरियाचे भाडोत्री सैनिक आणून इजिप्तचे सिंहासन बळकट केले. त्याच राजाने मेम्फिसमध्ये एपिससाठी खांबांऐवजी भव्य पुतळ्यांनी तोललेले प्रशस्त अंगण बांधले. हिरोडोटस ही हकीकत सांगतो आणि तिथेच एक लहानसे वाक्य टाकतो : एपिस म्हणजे ग्रीक भाषेतला एपाफस. गायीची शिंगे धारण करणारी इजिप्तची देवी इसिस आणि ग्रीकांची आयो यांच्या मूर्ती सारख्या दिसतात, हेही तो नोंदवतो. परक्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या ग्रीक शिपायांनी आणि व्यापाऱ्यांनी तिथल्या बैलाला आपल्या कुळात ओढून घेतले. हा तर आमच्या आयोचा मुलगा, इथला पहिला राजा आमचाच नातू, अशी ती मांडणी.

ज्यांचा देव होता त्यांना हे मान्य होते का? नव्हते. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला लेखक ईलियन याने इजिप्तच्या लोकांचे म्हणणे जपून ठेवले आहे. ग्रीकांचे हे सांगणे खोटे आहे, आणि साक्षीला आम्ही काळालाच बोलावतो, असे ते म्हणत. एपाफस हा अलीकडचा. आमचा पहिला एपिस त्याच्या हजारो वर्षे आधी माणसांत आला. या नकाराचे मला फार मोल वाटते. पुराणकथा जिंकणाऱ्यांच्या लेखणीतून येतात आणि ज्यांच्या देवाचे नाव बदलले, त्यांचा आवाज बहुधा हरवतो. इथे तो एका परक्याच्या ग्रंथात का होईना, टिकला. आणि ते लोक बरोबरच होते. एपिसच्या पूजेच्या खुणा इजिप्तच्या पहिल्या राजवंशापर्यंत, म्हणजे इ.स.पू. ३००० च्या आसपास जातात. तेव्हा आर्गोसमध्ये आयोची कथा सांगणारे कोणी नव्हते.

ग्रीकांच्या सांगण्यावर किती विसंबावे, याचा आणखी एक दाखला आहे. इराणच्या कॅम्बिसिसने इ.स.पू. ५२५ मध्ये इजिप्त जिंकले. एपिसचा उत्सव चालू असलेला पाहून, आपल्या नंतरच्या फसलेल्या मोहिमेचा हा आनंद आहे असे समजून तो चिडला, त्याने बैलाच्या मांडीत खंजीर खुपसला आणि एपिस झिजून मेला, अशी हिरोडोटसची गोष्ट. ऑगस्त मॅरिएत या फ्रेंच संशोधकाला १८५० साली सक्काराच्या वाळूत स्फिंक्सचे एक डोके दिसले. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने वर्णिलेला वाळूत बुडालेला मार्ग तो हाच, हे त्याने ओळखले आणि पुढच्याच वर्षी एपिस बैलांच्या भुयारी दफनभूमीत तो उतरला. प्रत्येक बैलासाठी अखंड दगडातून कोरलेल्या प्रचंड शवपेट्या तिथे ओळीने मांडलेल्या होत्या. कॅम्बिसिसच्या सहाव्या वर्षी एक एपिस राजाच्याच नावाने, पूर्ण मानाने पुरल्याचा लेखही तिथे मिळाला. दगड एक सांगतो, कथा दुसरे.

इ.स.पू. ३३२ मध्ये मेम्फिसला आलेल्या अलेक्झांडरने मात्र एपिसला बळी अर्पण केले. त्याच्यामागून गादीवर बसलेल्या पहिल्या टॉलेमीने एका एपिसच्या अंत्यविधीसाठी चांदीचे ५० टॅलेंट उसने दिले. आता प्रश्न नुसत्या नात्याचा राहिला नव्हता. ग्रीक राज्यकर्ते आणि इजिप्तची प्रजा या दोघांना एका छत्राखाली आणायचे होते. ओसिरिस आणि एपिस यांच्या जोडनावातून सेरापिस हा देव पुढे आणला गेला. त्याला बैलाचे रूप ठेवले नाही. झ्यूससारखा दाढीवाला पुरुष, डोक्यावर धान्याचे माप. एपाफसच्या कथेने जे शब्दांत केले होते, ते टॉलेमींनी संगमरवरात केले.

इथून ही गोष्ट आपल्या किनाऱ्याकडे वळते. दुसरा टॉलेमी, फिलाडेल्फस, इ.स.पू. २४६ पर्यंत राज्य करत होता. त्याने तांबड्या समुद्रावर बंदर वसवले आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले, बेरेनिके. या राजाचे नाव भारताच्या दगडावर आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ज्या पाच यवन राजांच्या मुलखापर्यंत धम्माचा संदेश पोचला असे म्हटले आहे, त्यांत अंतियोकानंतर येतो तो तुरमय. हा तुरमय म्हणजेच बेरेनिके वसवणारा, एपिस आणि सेरापिसच्या देशाचा राजा टॉलेमी.

अशोकाचे हे लेख जिथे कोरले गेले, त्यांत सोपारेही आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. १९५६ मध्ये वसईजवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. चौदा लेखांच्या मालिकेतले हे दोनच तुकडे हाती आले असले, तरी मालिका इथे कोरली गेली होती हे त्यावरून उघड आहे, आणि मालिका होती तर तेरावा लेखही तिच्यात बहुधा असावा. म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याला सोपाऱ्याच्या बंदरात उतरणाऱ्या माणसाला इजिप्तच्या राजाचे नाव ब्राह्मी अक्षरांत वाचता येत असावे. नवव्या लेखात अशोक म्हणतो की आजारपणात, लग्नात, मूल होताना आणि प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. बंदरातल्या लोकांना हे अगदी नेमके लागू होते. गलबत सोडण्याआधी देवाला काही अर्पण केल्याशिवाय कोणी नांगर उचलत नसे, ना इथे, ना बेरेनिकेला.

बेरेनिकेच्या सेरापिस मंदिराच्या अंगणात, जमिनीत पुरलेल्या एका रांजणात, उत्खनन करणाऱ्यांना साडेसात किलो काळी मिरी मिळाली. रांजण भारतात घडवलेला, मिरी भारतातली, काळ इसवी सनाचे पहिले शतक. मिरी मलबारची, आपल्या किनाऱ्याची नव्हे; पण ती ज्या देवाच्या अंगणात ठेवली होती त्याच्या नावातच एपिस होता. त्याच बेरेनिकेत इसिसच्या मंदिरात सातवाहनांची दोन नाणी निघाली, रोमन सम्राट फिलिपच्या काळातला (इ.स. २४४ ते २४९) संस्कृत लेख निघाला, आणि २०२२ मध्ये बुद्धाची ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी मूर्ती निघाली. ती इजिप्तमध्येच घडली असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. गायीची शिंगे ल्यालेल्या ज्या इसिसला ग्रीक आयो म्हणत, तिच्या देवळात तथागत उभे होते. सातवाहनांची नाणी खिशात घेऊन निघालेला माणूस बहुधा महाराष्ट्रातल्या एखाद्या बंदरातून निघाला असावा. ते सोपारे असेल, कल्याण असेल, चौल असेल.

या वाटेचा हिशेब स्ट्रॅबोने दिला आहे. इ.स.पू. २५ च्या आसपास तो रोमन अधिकारी ईलियस गॅलसबरोबर इजिप्तमध्ये हिंडला. तांबड्या समुद्रावरच्या मायोस हॉर्मोस बंदरातून दरवर्षी १२० गलबते भारताकडे जातात, असे त्याने ऐकून लिहिले. त्याच फेरीत त्याने मेम्फिसला एपिस पाहिला. बैलाला ठरावीक वेळी अंगणात मोकळे सोडत, ते मुख्यतः परदेशी पाहुण्यांसाठी. खिडकीतून तो दिसत असे, पण त्यांना तो बाहेर पाहायचा असे. हे दोन्ही एकाच माणसाने पाहावे-ऐकावे यात योगायोग नाही, कारण मार्गच तसा होता. भारतातला माल बेरेनिकेला उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडून बारा दिवसांत नाईलवरच्या कॉप्टॉसला येई, आणि तिथून नावांमधून खाली अलेक्झांड्रियाला जाई. ती नदी मेम्फिसवरूनच वाहते. आपल्या किनाऱ्यावरून या वाटेने निघालेले कापड एपिसच्या गावाला वळसा घालून रोमला पोचूच शकत नव्हते.

आता अलीकडचे टोक. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रवाटांची वही लिहिली, तिला पेरिप्लस म्हणतात. भारताकडे जुलैत निघावे, असे सांगताना तो इजिप्तच्या पंचांगातल्या महिन्याचे नावही देतो, इतका तो त्या मातीतला होता. भडोचनंतरची बंदरे सांगताना तो सुप्पारा आणि कल्याण यांची नावे घेतो. थोरल्या सारगनच्या काळी कल्याण हे रीतसर व्यापाराचे ठिकाण होते. नंतर ते संदनेसच्या हाती गेले आणि व्यापाराला अडथळे आले. चुकून इथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्याखाली भडोचला नेली जातात, असा इशारा तो देतो. सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांच्या चढाओढीचा हा काळ होता.

पेरिप्लसमधला हा इशारा फार महत्त्वाचा आहे. मेम्फिसमध्ये ग्रीक आधी शिपाई म्हणून आले आणि मग राजे झाले. सोपारा-कल्याणच्या पाण्यात मात्र त्यांची गलबते इथल्या सत्तेच्या हुकमाने वळवली जात होती. इथे ते पाहुणे होते. कुठल्या बंदरात उतरायचे, जकात किती भरायची, हे दुसरे ठरवत.

त्या सत्तेचा चेहराही आपल्याला दगडात दिसतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, संस्कृतात ऋषभदत्त, याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात आहे. वृषभाचे नाव धारण करणाऱ्या या शकाने तीन लाख गायी दान दिल्या, असे तो लेख म्हणतो. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग म्हणजे सोपारे इथे त्याने वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. दमण, तापी यांसारख्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, आणि त्या यादीत दाहानुका म्हणजे आपल्या डहाणूची नदीही आहे. शोर्पारगच्या रामतीर्थावरच्या चरक परिषदेसह चार ठिकाणच्या परिषदांना त्याने नानंगोल गावातली नारळाची ३२ हजार झाडे दिली. आजच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याचे इतके जिवंत वर्णन त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या लेखात मला आढळलेले नाही. नदी आहे, नाव आहे, धर्मशाळा आहे, माड आहेत. समुद्रावरून आलेला यवन याच धर्मशाळांच्या गावात उतरत होता.

आणि इथला बैल? तोही दगडावर आहे. भगवानलालांनी सोपाऱ्याबरोबरच गोरेगावजवळच्या पडण टेकडीवरचे अवशेष तपासले आणि दोन्हींची हकीकत १८८२ मध्ये एकत्रच छापली. त्या टेकडीच्या खडकावर त्रिशूळासारखे एक चिन्ह कोरलेले होते आणि शेजारी ‘नंदीचे पाऊल’ अशा अर्थाचा प्राकृत लेख होता. भारतभर स्तूपांवर, लेण्यांत आणि नाण्यांवर जे चिन्ह दिसते, त्याला नंदिपद म्हणायचे हे विद्वानांना या टेकडीने शिकवले. सह्याद्रीतल्या कित्येक लेण्यांत दानलेखांच्या आगेमागे स्वस्तिक आणि नंदिपद येते. मेम्फिसचा बैल अंगावरच्या खुणांनी ओळखला जाई. आपल्याकडे त्याच्या पावलाची खूण हीच पूजेची वस्तू झाली, आणि तिला शैव, बौद्ध अशी कुंपणे आडवी आली नाहीत. आजही तुंगारेश्वराला किंवा निर्मळच्या विमलेश्वराला जाणारा माणूस आधी नंदीच्या पाठीला हात लावतो आणि मग महादेवाकडे वळतो.

मग यवनांनी या बैलाला एपाफस म्हटले का? बैलदेव दिसला की त्याला आपल्या वंशावळीत बसवायची त्यांना जुनी सवय होती, साधन हाताशी होते. पण आपल्या लेण्यांतले यवन वेगळेच काही करताना दिसतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट या गावच्या यवनांनी खांब दिले आहेत. दात्यांची नावे धम्म, सिहधय अशी आहेत. जुन्नरला तीन यवनांनी दाने दिली. त्यांत एकाचे नाव चंद. नाशिकला दत्तामित्रीहून आलेल्या धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने लेणे कोरवले, आणि तो स्वतःला योनक म्हणवतो. कार्ल्याचे यवन समुद्रावरून आले की वायव्येकडून जमिनीच्या वाटेने, यावर अभ्यासकांत वाद आहे. नाशिकचा इंद्राग्निदत्त उत्तरेकडचा, हे त्याचा लेखच सांगतो. काहीही असले तरी त्यांनी आपल्या देवांची नावे इथल्या देवांवर लादली नाहीत. त्यांतल्या बहुतेकांनी नावे घेतली ती इथली. आपण यवन आहोत हे लपवले नाही, आणि खांब मात्र संघाला दिला.

कार्ल्याच्या त्याच चैत्यगृहात आणखी एक खांब आहे. तो सोपाऱ्याच्या माणसाने दिला आहे. धम्मुत्तरीय या बौद्ध शाखेचा भाणक, म्हणजे पठण करणारा भिक्षू, सातिमित, राहणार सोपारक, याने धातूंसह म्हणजे पवित्र अवशेषांसह हा स्तंभ दिला, असा त्यावर लेख आहे. एका छताखाली, थोड्या पावलांच्या अंतरावर, सोपाऱ्याचा भिक्षू आणि यवन दाते खांबांच्या रूपाने उभे आहेत. बंदरातल्या ओळखी घाट चढून कशा गेल्या असतील, याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.

मला यातून एकच अर्थ निघतो असे वाटते. ग्रीक मेम्फिसला एक तऱ्हेचे आणि महाराष्ट्रात दुसऱ्या तऱ्हेचे वागले, ते स्वभाव बदलला म्हणून नव्हे. जिथे तलवार आणि तिजोरी त्यांच्या हाती होती, तिथे परक्या देवाचा बाप ठरवण्याचा अधिकार त्यांनी घेतला, आणि स्थानिकांच्या ‘नाही’ला दाद दिली नाही. जिथे गलबत पहाऱ्याखाली वळवले जाण्याची शक्यता होती, तिथे त्यांनी दान दिले आणि नाव बदलले. पण नुसत्या भीतीने कोणी डोंगरात खांब कोरवत नाही. इथे त्यांना सामावून घेणारे काही होते. संघाला दात्याची जात-कुळी लागत नव्हती. सोपाऱ्याच्या पूर्णाची कथा दिव्यावदान या बौद्ध कथासंग्रहात आहे. दासीच्या पोटी जन्मलेला हा मुलगा समुद्रावर सहा सफरी करून धनाढ्य झाला, गलबतावरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचने ऐकून भिक्षू झाला, आणि त्याच्यासाठी बुद्ध स्वतः शूर्पारकाला आले, असे ती सांगते. अशी कथा ज्या गावाने स्वतःविषयी जपली, तिथे परक्याला आपली वंशावळ सिद्ध करत बसावे लागत नसे.

आर्गोसच्या राजापुढे त्या पन्नास बहिणींना आश्रयासाठी एपाफसपासूनच्या पिढ्या मोजून दाखवाव्या लागल्या. धेनुकाकटच्या धम्म यवनाने एवढेच लिहिले की खांब मी दिला.

सोपाऱ्याचे वैभव पुढे खाडीच्या गाळाबरोबर ओसरले. दहाव्या शतकातल्या अरब प्रवाशांना सुबारा ठाऊक होते, शिलाहारांच्या लेखांत त्याचे नाव येते, पण मोठा व्यापार हळूहळू ठाण्याकडे आणि मग वसईकडे सरकला. बुरुड राजाचा कोट म्हणून गावकरी ज्या टेकाडाला ओळखत होते, ते एप्रिल १८८२ मध्ये भगवानलालांनी खणले तेव्हा आतून विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी होती, पेटीत तांब्याचा करंडक, त्याभोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती. करंडकात एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा करंडक. सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे तेरा तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते श्रद्धेने जपलेले. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. थोर राजाचे नाणे आणि फुटक्या खापराचे तुकडे, आणि मान खापराला.

हे करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या लेखांचे तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. स्तूप मात्र जागेवरच आहे, नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली, चहूबाजूंनी वाढलेल्या वस्तीच्या मधोमध. वसई-विरारमधल्या शाळांच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. सहलीसाठी लांब जाण्याआधी मुलांना या स्तूपाकडे घेऊन जा. तिथे उभे राहून त्यांना सांगा की या बंदरातून सुटलेला माल नाईलपर्यंत जात होता, आणि नाईलकाठच्या राजाचे नाव या गावातल्या दगडावर बहुधा कोरलेले होते. मग संग्रहालयात नेऊन त्या लेखमालेतला उरलेला दगड दाखवा, आणि त्यातली ब्राह्मीची चार अक्षरे त्यांना स्वतःला वाचू द्या.